पट आणि छापखाना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात अंबाजोगाई येथे केलेले भाषण)



योगेश्वरीच्या या नगरीत आज गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला. त्या निमित्ताने चार शब्द बोलण्याची मंडळाची आज्ञा आम्ही शिरोधार्य मानतो.

बुद्धिबळाचे नाव निघताच वडीलधारी मंडळी विचारतात, "खेळून पोट भरते काय?" प्रश्न रास्त आहे. मात्र मुलगी दहावीस गेली की पट माळ्यावर टाकणे, हे त्याचे उत्तर नव्हे. खरे उत्तर श्रीमती रोहिणी खाडिलकर यांच्या चरित्रात आहे.

नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ साली 'नवाकाळ' पत्र काढले. त्यांचे नातू नीळकंठराव हेही संपादक. नीळकंठरावांच्या तिन्ही कन्या पटावर बसल्या. १९७४ साली वासंती पहिल्या राष्ट्रीय महिला विजेत्या ठरल्या. पुढे जयश्री यांनी चार वेळा व रोहिणी यांनी पाच वेळा ते पद मिळविले.

१९७६ साली अवघ्या तेराव्या वर्षी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. गदारोळ उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष डॉ. माक्स यूवे यांनी निर्णय दिला की, स्त्री आहे म्हणून कोणास अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही. हे यूवे १९३५ साली जगज्जेते झाले, तेव्हा त्यांचा व्यवसाय होता गणिताच्या शिक्षकाचा! पुढे जगज्जेता झालेला बोटविनिक विद्युत अभियंता होता. खेळ आणि व्यवसाय यांचे हाडवैर नाही, याला याहून मोठी साक्ष कोणती हवी?

ज्या हैदराबाद संस्थानात आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत होता, त्या संस्थानाच्या राजधानीत, हैदराबादेत, १९८१ साली रोहिणी आशियाई विजेत्या झाल्या. त्याआधीच १९८० चा अर्जुन पुरस्कार त्यांस लाभला होता. एवढ्या कीर्तीवर कोणीही आयुष्यभर बसून खाल्ले असते. त्यांनी मात्र १९९३ साली खेळातून निवृत्ती घेऊन मुद्रणतंत्राचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९९८ साली 'संध्याकाळ' या सायंदैनिकाचे संपादकपद स्वीकारले.

कोणी म्हणेल, "त्यांच्या घरचाच छापखाना होता; आमच्या घरी काय आहे?" आक्षेप खोटा नाही. पण घरचा छापखाना असूनही त्या विद्यार्थिनी होऊन बाकावर बसल्या, हे आम्हांस पटावरील विजयाइतकेच मोलाचे वाटते. ज्यांच्या घरी छापखाना नाही, त्यांच्यासाठीच तर मंडळे असतात.

म्हणून आमची विनंती अशी: मंडळाने वाचनालयात चार पट मांडावे, त्यांतील दोन मुलींसाठी राखावे आणि दहावीनंतरही ते त्यांच्यासाठी खुले ठेवावे. आणखी एक. या जिल्ह्यातील कित्येक मुली ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गाव सोडतात आणि त्यांची शाळा सुटते. त्या परततील तेव्हा ज्ञात न विचारता त्यांनाही पटाशी जागा द्यावी. तेरा वर्षांच्या मुलीला बसू देण्यासाठी जगाच्या अध्यक्षाला निर्णय द्यावा लागला. आपल्याला फक्त वाचनालयाचे दार उघडे ठेवायचे आहे.