टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक आणि आपला खिसा

(जिल्हा बैठकीतील भाषण)



1975 साली महाराष्ट्र स्कूटर्स कंपनी स्थापन झाली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातली 'प्रिया' स्कूटर आपल्यातल्या अनेकांनी चालवली. ती टू-स्ट्रोक. विहिरीवरचे आपले डिझेल इंजिन फोर-स्ट्रोक. पाठीवरचा फवारणी पंप दोन्ही प्रकारांत मिळतो. तेव्हा फरक समजून घेतलेला बरा.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एक. हिशेबाने टू-स्ट्रोकची ताकद दुप्पट हवी. ती येत नाही, कारण आत आलेले थोडे ताजे पेट्रोल न जळताच धुराच्या वाटेने निसटते. इंजिन हलके, उसळीचे, पण खादाड. 2000 साली प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि दुचाकींत टू-स्ट्रोक मागे पडले.

आता ट्यूनिंग. टू-स्ट्रोकला ऑइल मिळते ते पेट्रोलमधूनच. आमच्यातल्या एकाने अंदाजाने ऑइल ओतले, वर पेट्रोल वाचवायला कार्बोरेटर आवळला. पेट्रोल कमी झाले, तसे ऑइलही कमी झाले. ऐन फवारणीत पिस्टन जाम! गडी बसून राहिले. बोंडअळी थोडीच थांबते? म्हणून पंपाच्या पुस्तिकेतले प्रमाण मापानेच घ्या. जोर कमी पडला तर आधी सायलेन्सरमधली काजळी काढा. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालायचे नाही; त्याचे ऑइल वेगळे असते. ते वेळेवर बदला आणि टॅपेटची फट तपासून घ्या.

विहिरीवर पाणी जास्त यावे म्हणून कोणी गव्हर्नर ताणतो. फिरणाऱ्या पंख्याच्या पंपाचा वेग दहा टक्के वाढवला, तर पाणी साधारण दहा टक्के वाढते, पण ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. तेवढे डिझेल कोण देणार? काळा धूर दिसला तर समजा, डिझेल पुरते जळत नाही. एअर फिल्टर आणि नोझल तपासा.

पावसाच्या भरवशावर ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या आम्हाला मालाचा भाव ठरवता येत नाही. निदान खर्चाचा हिशेब तरी आपल्या हातात ठेवू. मिस्त्रीकडे जरूर जाऊ, पण डोळे उघडे ठेवून जाऊ.