दूरचा हिशेबनीस
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांचा चरितार्थ दुकानावर, वखारीवर अथवा लहानशा कारखान्यावर चालतो. दिवाळीत आपण भक्तिभावाने वहीपूजन करतो. परंतु त्या वहीत वर्षभर रोजच्या रोज नोंद करणारा मनुष्य मात्र मिळेनासा झाला आहे. गादीवर बसून कीर्द-खतावणी लिहिणारे जुने दिवाणजी गेले, घरची मुले शिकून पुण्यामुंबईस गेली, आणि हिशेबाचे काम उलट वाढले.

१ जुलै २०१७ रोजी जी. एस. टी. आला. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्यास विक्रीचा तपशील पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कराचे विवरण २० तारखेपर्यंत द्यावे लागते. कर देणे असून विवरणास उशीर झाला, तर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर सालीना १८ टक्के व्याज पडते. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून, माल देणाऱ्याने आपल्या विवरणात बिल दाखविले नसेल तर त्या बिलावरील कराची वजावट घेणाऱ्यास मिळत नाही. म्हणजे खरेदीची बिले महिन्याच्या महिन्यास पडताळलीच पाहिजेत. मार्चअखेर बिलांचे गाठोडे करसल्लागारापुढे नेऊन टाकण्याचे दिवस संपले.

लहान दुकानास पूर्ण वेळचा हिशेबनीस परवडत नाही, हे खरे. तथापि आता बिलाचे छायाचित्र दूरध्वनीवरून क्षणात परगावी जाते आणि वही संगणकात असते. सांगलीच्या दुकानाचा हिशेब रत्नागिरीस बसून लिहिता येतो, आणि एकच मनुष्य तीनचार व्यापाऱ्यांचे काम पाहू शकतो. आपल्या ज्ञातीत वाणिज्य शाखेच्या पदवीधर अशा कितीतरी लेकीसुना आहेत, की ज्यांना घर सोडून नोकरी करणे शक्य नाही. त्यांच्या विद्येचा हा उत्तम उपयोग होय.

दूरच्या माणसावर विसंबून व्यापार करणे आपणांस नवे नाही. जुन्या पेढ्यांचे गुमास्ते परमुलखी असत आणि हुंडीचा सारा व्यवहार विश्वासावर चाले. परंतु पेढी त्या गुमास्त्याकडून वेळोवेळी हिशेब मागवून घेई. विश्वास आणि तपासणी यांत विरोध नाही, हेच मला आज सांगावयाचे आहे.

नेमणुकीपूर्वी उमेदवारास एका महिन्याची खरी बिले व बँकेचा उतारा द्यावा, आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा. त्याने बँकेची शिल्लक वहीशी जुळवून दाखवावी व उधारीची यादी काढावी. त्यातही एक गोष्ट विशेष पाहावी. न समजलेल्या रकमेचे तो काय करतो? चांगला हिशेबनीस ती उचंत खाती टाकून आपणांस विचारतो. कच्चा मनुष्य ती कोठेतरी दडपून तेरीज जुळवितो. कोणते काम कोणत्या तारखेस व्हावयाचे, हे आरंभीच लेखी ठरवावे.

दुसरे, वही लिहिणाऱ्याच्या हाती तिजोरी देऊ नये. बँकेचे खाते पाहण्यापुरती मुभा द्यावी. पैसे पाठविण्याचा अधिकार, परवलीचा शब्द आणि ओ. टी. पी. मालकापाशीच राहावेत. यात त्याचा अपमान नाही. उद्या रक्कम कमी भरली, तर त्याच्यावर आळ येऊ नये, हे त्याच्याही हिताचे आहे. हिशेबाची आज्ञावली मालकाच्या नावाने घ्यावी व दरमहा वहीची एक प्रत आपल्याकडे ठेवावी, कारण जी. एस. टी. कायद्यानुसार वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने दप्तर जपण्याची जबाबदारी मालकाची आहे, हिशेबनिसाची नव्हे.

तिसरे, मालकाने महिन्यातून एक तास तरी वहीस द्यावा. बँकेची जुळवणी, उधारीची यादी आणि उचंत खाते हे तीन कागद पाहिले, तरी बहुतेक दोष वेळीच ध्यानात येतात.

शेवटी एक स्पष्ट बोलतो. 'आपलाच माणूस आहे' असे म्हणून आपण दोन चुका करतो. एक, त्याचा हिशेब तपासण्याचा संकोच धरतो. आणि दुसरी, त्याला पुरता मोबदला देत नाही. भाचीने रात्री जागून वह्या लिहावयाच्या आणि मामाने दिवाळीस साडी देऊन मोकळे व्हावयाचे, यास आपलेपणा म्हणत नाहीत. तिचे वेतन ठरलेल्या तारखेस द्यावे आणि तिच्या वह्या ठरलेल्या तारखेस तपासाव्यात. अशा व्यवहाराने दुकान टिकेल आणि नातेही टिकेल.