मुलांचे आजारपण आणि आईबापांचे कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही मॅट्रिक झालेले एक सेवानिवृत्त शाळामास्तर. विद्वत्ता आमच्यापाशी नाही. जे भोगले तेवढेच सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे. जी गोष्ट आजवर घराच्या उंबऱ्याबाहेर काढली नाही, ती समोर बसलेल्या या बालकांकडे पाहून आज सांगावीशी वाटते.

१९९४ सालच्या पावसाळ्यात आमचा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा होता. महिनाभर त्याची तहान भागेना. रात्री दोनतीनदा उठे, क्वचित अंथरूणही ओले होई. अंगातला सदरा सैल दिसू लागला. त्याच्या आईने न्हाणीच्या मोरीपाशी मुंग्यांची रांग पाहिली व आम्हांस दाखविली. ‘पावसाळ्यात मुंग्या निघायच्याच’, असे आम्ही उत्तर दिले. त्याचे वर्गशिक्षक आमचेच सहकारी. ते म्हणाले, ‘मास्तर, चिरंजीव तासाला दोनदा बाहेर जाण्याची परवानगी मागतात.’ घरी येऊन आम्ही मुलास रागे भरलो. तो एवढेच म्हणाला, ‘अण्णा, खरंच लागते हो.’

पुढे एके रात्री त्यास वांत्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले. तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात नेले. त्या दिवसांत जुलाब-वांत्यांची साथ होती. खोली रुग्णांनी भरलेली, पाळीवर एकच तरुण डॉक्टर. त्यांनी पोट दाबून पाहिले, दूषित पाण्याचा विकार ठरविला आणि ग्लुकोजचे सलाइन लावले. पहाटे मुलाचा श्वास खोल व जलद चालू लागला. तेव्हा छातीत कफ झाला असावा, असे सांगण्यात आले. त्याच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत असल्याचे आईने बोलून दाखविले. तिकडे कोणी लक्ष दिले नाही. आम्हीही दिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिल्ह्याच्या ठिकाणी हलविले. तेथील डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘पाणी फार पितो का?’ लघवी निळ्या औषधात घालून तापविली, ती विटेसारखी लाल झाली. मुलास मधुमेह होता. इन्शुलिन सुरू झाले. परंतु उशीर झाला होता. मेंदूस सूज आली आणि तिसऱ्या दिवशी मुलगा गेला.

मधुमेह हा उतारवयाचा रोग, असा आमचा समज होता. लहान मुलांत आढळणारा प्रकार बहुधा निराळा असतो. शरीराची संरक्षक शक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. गोड खाल्ल्याने हा रोग होत नाही, की तो कोणाच्या पापाचे फळही नव्हे. साखर लघवीवाटे जाते, म्हणून तहान लागते आणि म्हणूनच मुंग्या लागतात. शरीर चरबी जाळू लागले की रक्तात आम्ल साठते. मग वांत्या, पोटदुखी आणि तो खोल श्वास. १९२२ साली टोरांटो येथे चौदा वर्षांच्या मुलास पहिल्याने इन्शुलिन टोचण्यात आले. तेव्हापासून वेळेवर ओळखलेले मूल जगू शकते. वेळेवर ओळखणे, एवढीच अट.

मुलगा गेल्यावर आमच्या मनात संताप होता. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय दिला. आप्तांच्या आग्रहावरून आम्ही कागदपत्रे घेऊन वकिलांकडे गेलो. त्यांनी विचारले, ‘त्या रात्री डॉक्टरांना आपण काय सांगितले?’ आम्ही उत्तरलो, ‘वांत्या होतात.’ तहान सांगितली नव्हती. मुंग्या सांगितल्या नव्हत्या. विचारणे हे वैद्याचे काम होते व त्यांनी ते केले नाही, हे आम्ही आजही म्हणतो. ज्यास दाद मागावयाची त्याने अवश्य मागावी. तो त्याचा हक्कच आहे. आमचा मात्र धीर झाला नाही. कागद गुंडाळून आम्ही परत आलो.

‘मी मुंग्या दाखविल्या होत्या’, असे आमच्या कुटुंबाने एकदाही म्हटले नाही. घरात वर्षभर त्या मुलाचे नाव निघाले नाही. एके दिवशी त्या न्हाणी धूत असता आम्हीच दाराशी जाऊन म्हणालो, ‘तू सांगितले होतेस. आम्ही ऐकले नाही.’ त्या दिवशी आम्ही दोघे प्रथमच एकत्र रडलो. दुःख गेले नाही, तथापि त्यानंतर ते दोघांचे झाले.

२००३ साली आमच्या वर्गातील एक मुलगी वारंवार पाणी पिण्यास उठू लागली. आम्ही रागावलो नाही. त्याच दिवशी तिच्या वडिलांस बोलावून रक्त तपासावयास पाठविले. साखर निघाली, मुलगी वाचली. आज ती स्वतः इन्शुलिन टोचून घेते आणि नोकरी करते. आईबापांनी आम्हांस हात जोडून विनविले, ‘मास्तर, ज्ञातीत कळू देऊ नका, लग्न अडेल.’ ते नाव आम्ही कोणास सांगितले नाही, सांगणारही नाही. परंतु आपल्या लेकरांचा आजार आपल्याच माणसांपासून लपवावा लागावा, ही लाज त्या आईबापांची नव्हे, आपली आहे.

म्हणून आमची विनंती. मूल आजारी पडले की केवळ त्या रात्रीचे नव्हे, मागील महिन्याचेही डॉक्टरांस सांगा. आईस मागे उभी करू नका. तिने जे पाहिले ते तिलाच बोलू द्या. वांत्या होत असता श्वास बदलला, तर ‘साखर पाहिली काय?’ असे निर्भीडपणे विचारा. बोटातून रक्ताचा एक थेंब काढून काही सेकंदांत आता ते कळते. शिक्षकांनी बाहेर जाऊ मागणाऱ्या मुलास दरडावू नये. आणि ज्यांच्या घरातून मूल गेले असेल, त्यांनी त्याचे नाव घरात घेत जावे.

आमच्या मुलाचे नाव आम्ही आता रोज घेतो. ज्ञातीतील सर्व बालकांस दीर्घायुष्य चिंतून आम्ही आपली रजा घेतो.