प्रश्न कोण लिहितं?

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



तुमच्यापैकी बरेच जण सध्या कुठल्या ना कुठल्या परीक्षेच्या तयारीत आहेत. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. पण ते प्रश्न लिहितं कोण, असा विचार आपण सहसा करत नाही. पेपर वरून येतो आणि आपण तो सोडवायचा, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. मी गेली काही वर्षं पेपरच्या दुसऱ्या बाजूला बसते आहे. आज त्याबद्दल बोलणार आहे.

माझं एमबीबीएसपर्यंतचं शिक्षण महाराष्ट्रात झालं. आता मी ब्रिटनमध्ये मधुमेहतज्ज्ञ म्हणून काम करते. तिथे विशेषज्ञ होऊ पाहणाऱ्या डॉक्टरांच्या परीक्षा वेगवेगळी रॉयल कॉलेजेस घेतात. फिजिशियन व्हायचं असेल तर एमआरसीपी द्यावी लागते. तिच्या पहिल्या भागात तीन-तीन तासांचे दोन पेपर आणि एकूण 200 प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. आपल्याकडचेही अनेक डॉक्टर ही परीक्षा देतात. अशा परीक्षांचे प्रश्न रोज रुग्ण तपासणारे डॉक्टर आपला वेळ काढून लिहितात. मी ज्या गटात आहे तिथे मानधन नाही. प्रवासखर्च मिळतो आणि दुपारचं जेवण. प्रश्नाखाली नाव येत नाही आणि आपण काय लिहिलं हे घरीही सांगता येत नाही.

प्रश्न लिहिणं सोपं वाटतं. एक रुग्ण घ्यायचा, त्याचं वय, तक्रार, तपासणीत काय आढळलं ते आणि चाचण्यांचे आकडे द्यायचे, मग एक थेट प्रश्न आणि पाच पर्याय. पाचही पर्याय विचार करण्याजोगे हवेत, पण सर्वांत योग्य एकच हवा. पर्याय हाताने झाकले तरी जाणकाराला उत्तर सुचलं पाहिजे, ही पहिली कसोटी. सर्वांत लांबलचक पर्याय बहुधा बरोबर असतो, ‘नेहमी’ आणि ‘कधीच नाही’ असे शब्द असलेला पर्याय बहुधा चूक असतो, असल्या युक्त्या तुम्हालाही क्लासमध्ये शिकवल्या असतील. अशी एकही फट राहू नये म्हणून आमच्या बैठकीत एकेका प्रश्नावर अर्धा-अर्धा तास वाद होतो. कारण युक्तीने पास झालेला डॉक्टर उद्या रात्री दोन वाजता वॉर्डात एकटा उभा असतो. तिथे पर्याय छापलेले नसतात.

उत्तीर्णतेची रेषा ठरवण्याची एक पद्धत विल्यम अँगॉफ या अमेरिकी तज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते. जेमतेम पास होण्याच्या लायकीचा उमेदवार डोळ्यांसमोर आणायचा. असे शंभर जण असतील तर त्यांतल्या किती जणांना हा प्रश्न सुटेल? प्रत्येक सदस्य आपला आकडा सांगतो, चर्चा होते, सरासरी निघते. परीक्षेनंतर पुन्हा आकडे पाहतात. बाकीच्या पेपरात चांगले गुण मिळवणारे एखाद्या प्रश्नात चुकले आणि कच्च्यांना तो जमला, तर दोष बहुधा प्रश्नातच असतो. असा प्रश्न बाद करता येतो.

आता मुद्द्याकडे येते. अशा प्रश्नात एकही शब्द फुकटचा नसतो. रुग्ण कबुतरं पाळतो असं लिहिलं, की उमेदवार लगेच फुप्फुसाच्या एका ठरावीक आजाराकडे वळतो. तपशील म्हणजे खूण, अशी त्याची सवय झालेली असते. मग रुग्णाचं नाव अहमद किंवा फातिमा असेल तर ती कशाची खूण होते? अशी नावं फक्त क्षयरोग, ड जीवनसत्त्वाची कमतरता, नात्यातलं लग्न आणि रमजान एवढ्याच प्रश्नांत दिसली, तर उमेदवार नकळत काय शिकतो? नाव हेच लक्षण आहे, हे शिकतो. आणि मग खरा अहमद छातीत दुखतंय म्हणून येतो, तेव्हा डॉक्टरच्या मनात आधी भलतंच काही येतं. म्हणून मी बैठकीत म्हणत असते, आमच्या अहमदला साधा हार्ट अटॅकही येऊ द्या की! लोक हसतात, पण मुद्दा त्यांना पटतो.

याचा अर्थ धर्माचा उल्लेखच टाळायचा, असा नाही. टाइप 2 मधुमेहाचा रुग्ण ग्लिक्लाझाइड घेतो आणि त्याला रोजे ठेवायचे आहेत. या गोळीने उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दिवसातून दोनदा गोळी घेणाऱ्याचा सहरीचा डोस कमी करावा लागतो. साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली तर रोजा सोडायला सांगावं लागतं. इथे रोजा हा औषधशास्त्राचा भाग आहे, तो प्रश्नात असलाच पाहिजे. ज्या डॉक्टरने आयुष्यात रोजेदार पाहिलेला नाही, तोही परीक्षेसाठी हे वाचतो. नाहीतर तो ‘उपास करू नका’ एवढं सांगून मोकळा होतो. रुग्ण मान हलवतो, घरी जाऊन रोजा ठेवतो आणि पुढच्या वेळी डॉक्टरला काही सांगतच नाही.

त्वचेचंही तसंच. ‘लाल पुरळ’ हे वर्णन गोऱ्या त्वचेवरून आलं आहे. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तेच पुरळ जांभळट किंवा करडं दिसू शकतं. लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये शिकणाऱ्या मलोन मुक्वेंडे या विद्यार्थ्याने 2020 साली आपल्या शिक्षकांसोबत ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका काढली, ती याच उणिवेवर. तो तेव्हा विद्यार्थी होता, हे लक्षात ठेवा.

भाषेचा प्रश्न थोडा अवघड आहे. इंग्रज रुग्ण ‘स्पेंड अ पेनी’ म्हणतो, तेव्हा त्याला लघवीला जायचं असतं. बाहेरून आलेल्या डॉक्टरला हे कळायला हवंच, जसं आपल्याकडे ‘अंग मोडून आलंय’ म्हणजे काय ते कळायला हवं. पण ते संवादाच्या परीक्षेत तपासा. किडनीच्या आजारावरच्या लेखी प्रश्नात असा वाक्प्रचार घातला, तर आपण वैद्यक तपासतो की उमेदवाराचं बालपण?

ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या परीक्षांचे निकाल वंशानुसार आणि पदवी कुठली आहे त्यानुसार जाहीर होतात. त्यांत फरक दिसतो. 2014 साली भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना बापिओ जीपींच्या प्रात्यक्षिक परीक्षेविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात गेली. दावा फेटाळला गेला. मात्र हा फरक कमी करण्यासाठी कॉलेजने आता पावलं उचलली पाहिजेत, असंही न्यायमूर्तींनी सुनावलं. न्यायालयात जाणं हा आपला हक्क आहे आणि कधीकधी ते गरजेचंही असतं. पण न्यायालय प्रश्न लिहून देत नाही. ते काम टेबलाशी बसून कुणीतरी करावं लागतं.

त्या टेबलाशी मी मुसलमानांची प्रतिनिधी म्हणून बसत नाही. मधुमेह कळतो म्हणून बसते. माझा प्रश्न कच्चा असेल तर तो बाद होतो आणि तसंच व्हायला हवं. पण माझं काम चोख असतं म्हणूनच अहमदबद्दल बोलले की माझं ऐकून घेतात. आधी काम, मग शब्दाला वजन, हा माझा तिथला अनुभव आहे.

तुम्हाला ब्रिटनला जायची गरज नाही. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे पेपरही शिक्षकच काढतात. शाळेची चाचणी, पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय, भरतीची परीक्षा, सगळीकडे कुणीतरी प्रश्न लिहीत असतं. आपल्या समाजात परीक्षेला बसवण्यासाठी मार्गदर्शन वर्ग निघतात, शिष्यवृत्त्या मिळतात. हे चांगलंच आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे परीक्षा घडवणाऱ्यांत असणं. तिथे हार-तुरे नाहीत, फोटो नाहीत, पैसेही नाहीत. म्हणूनच तिथल्या खुर्च्या पुष्कळदा रिकाम्या असतात.

पदवी मिळाल्यावर एक दिवस तुम्हालाही पत्र येईल, ‘प्रश्न लिहायला माणसं हवी आहेत.’ वेळ नाही म्हणून ते बाजूला टाकू नका. हो म्हणा आणि पहिला प्रश्न नीट लिहा.