नाव कुठे आहे?

बायांनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या बाप्यांनो,

आज अक्षरांचा धडा नाही. आज थोडे बोलू. या वर्गात बाया म्हणतात, "मास्तर, सगळं कळतं, पण पाय उचलत नाही. चिखलात रुतल्यावानी झालंय." लावणी करणाऱ्या बाईला आम्ही चिखलाविषयी काय सांगावे! रुतलेला पाय नुसता ओढून निघत नाही. आधी हाताला बांध लागतो.

पेण-रोह्याच्या भातशेतीत बाईचा हात कशाला लागत नाही? आवण काढायला बाई, लावणीला बाई, कापणीला बाई. पेणच्या पापडांचे नाव मुंबईपर्यंत गेले, ते लाटते कोण? गणपतीच्या कारखान्यांतही बायांचे हात आहेतच. कामात बाई पुढे. कागदावर मात्र ती सापडत नाही. सातबारा उघडा, घरपट्टीची पावती पाहा. बहुतेक ठिकाणी बाप, मग मुलगा, मग नातू.

नाव नसले तर काय बिघडते? ऐका. 2008 सालच्या सप्टेंबरात आपल्या पेण तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारने कौल घेतला. विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यायची की नाही, हा प्रश्न होता. कौल कुणाचा? जमीनमालकांचा. जिचे नाव कागदावर नव्हते, तिने जन्मभर त्या शेतात लावणी केली असली, तरी तो कौल तिचा नव्हता.

आता जरा नाजूक बोलतो. बाप गेला की तलाठ्याकडे वारसांची नोंद होते. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. आपण तलाठीच म्हणू.) मुलींची नावेही लागतात. मग एक दिवस भाऊ कागद घेऊन येतो. "ताई, इथं अंगठा दे." ते असते हक्कसोडपत्र. बहिणीच्या मनात येते, भाऊ रुसला तर माहेर तुटेल. भाऊबीजेला जाऊ कुठे? ती अंगठा देते. माहेरी ती परक्याचे धन, सासरी ती परक्या घरची. दोन्ही घरे तिला आपली म्हणतात, आणि एकाही घराच्या कागदावर ती नाही. नवरा दारू पिऊन आला आणि "नीघ माझ्या घरातून" म्हणाला, तर तिच्याजवळ उत्तर नसते. लोक म्हणतात, बाई भित्री. आम्हांला ते पटत नाही. जिच्या पायाखाली हक्काची जागा नाही, ती जपूनच पाऊल टाकणार.

कायदा काय म्हणतो? हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत 2005 सालच्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. 2005 साली बाप हयात नसला तरी तो हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितले. हक्क ठेवायचा की सोडायचा, ते बहिणीने ठरवावे. पण कागद वाचून ठरवावे. वाचायला वेळ लागत असेल तर म्हणावे, "दादा, उद्या देते." एवढ्याने माहेर तुटत नाही.

रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री झाले, हे बाप्यांना ठाऊक असते. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई किती जणांना ठाऊक आहेत? त्या आंध्रातल्या. आठव्या वर्षी लग्न झाले. मोठेपणी त्यांनी ते बंधन मानले नाही. लहान वयातच हिंदी शिकून त्या बायकांना शिकवू लागल्या. त्यांची आईसुद्धा मुलीजवळ शिकली! पुढे दुर्गाबाई वकील झाल्या, घटना समितीत बसल्या. 1953 साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. शाळा सुटलेल्या मोठ्या बायकांना थोड्या वर्षांत शिक्षण पुरे करता यावे, म्हणून या मंडळाने 1958 साली वर्ग सुरू केले.

आपण सुरुवात कुठून करायची? घरापासून. गावातले घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावावे, असे राज्य सरकारने 2003 साली ठरवले. त्याची नोंद ग्रामपंचायतीत होते. शेताचेही तसेच. नवऱ्याच्या हयातीत बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. त्याला लक्ष्मीमुक्ती योजना म्हणतात, 1992 पासून आहे. पण अर्ज नवऱ्याने करायचा असतो. म्हणून तर बाप्यांनो, तुम्हांला आज मुद्दाम बसवून घेतले. कुणी म्हणेल, बायकोचे नाव लागले तर आमचे जाईल. जात नाही. दोन्ही राहतात.

ग्रामपंचायतीत एकटीने जाऊ नये. चार-सहा जणींनी मिळून जावे. एकटीला "उद्या या" म्हणतात. ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यावी, असा नियम आहे. तिथे हा विषय काढा.

सोमवारी येताना घरपट्टीची पावती आणा. पावतीवर कुणाचे नाव आहे, ते ज्याने त्याने मोठ्याने वाचायचे. बाप्यांनीसुद्धा.