बाण टणक नको, जोडीचा हवा



'काय मोठा तीर मारलास!' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही. बी.ए. झालो तेव्हा घरात ऐकलं, पहिली कविता छापून आली तेव्हा उमरग्याच्या कट्ट्यावर मित्रांकडून ऐकलं. खरा तीर हातात धरण्याची वेळ मात्र पन्नाशी उलटल्यावर आली. निमित्त झालं माझ्या भाचीचं.

ही पोर नववीत आहे. शाळेच्या मैदानावर बांबूच्या धनुष्यावर नेम धरायला शिकली. हात बसला, तसं तिच्या सरांनी तिला एक वापरलेलं लाकडी धनुष्य मिळवून दिलं. लाकूड आणि फायबरच्या पट्ट्या चिकटवून केलेलं, साधं, जुन्या घडणीचं. त्याला चाकं नाहीत, नेमाची भिंगं नाहीत, तोल सांभाळणाऱ्या दांड्या नाहीत. अडचण बाणांची होती. बांबूचे बाण पावसाळ्यात वाकायचे, निखाऱ्यावर शेकून सरळ करावे लागायचे आणि दगडावर आपटले की मोडायचे. माझी धाकटी बहीण शिवणकाम करते. ती म्हणाली, "भाई, एकदाच चांगले बाण घेऊन टाकू. रोजची कटकट नको." दोन महिने शिलाईतून बाजूला टाकलेले पैसे घेऊन आम्ही शहरातल्या एका दुकानात गेलो.

दुकानदाराला विचारलं, टिकाऊ कोणते? त्यानं कार्बनचे बाण पुढे केले. "हे घ्या, सगळ्यात टणक. मोठ्या स्पर्धांमधले खेळाडू हेच वापरतात." बहिणीनं एक डझन घेतले. मीही मान डोलावली. टणक म्हणजे टिकाऊ, यात शंका घेण्यासारखं काय होतं?

आठवडाभरात तीन बाण मोडले. मोडले नाहीत तेही सरळ जात नव्हते. सुटताना धनुष्याला 'खट्' करून घासायचे, डावीकडे जायचे आणि लक्ष्याच्या लाकडी चौकटीवर आपटायचे. पोरगी रडवेली झाली. "मामू, माझा नेमच गेला," म्हणाली. मी तिला धीर दिला, पण मनात म्हटलं, पैसेही गेले आणि पोरीचा आत्मविश्वासही गेला.

मग एके दिवशी सरांनी चौथा बाण हातात घेतला. दोन्ही टोकं धरून, तोंडापासून दूर ठेवून, तो हलकेच वाकवला. थोडा फिरवला, पुन्हा वाकवला. आतून बारीकसा 'कर्र' आवाज आला. वरून बाण नवाकोरा दिसत होता. सर म्हणाले, "हा आज सोडला असतास, तर कदाचित तुझ्या हातात शिरला असता."

माझ्या अंगावर काटा आला. कार्बनच्या बाणात कोळशापासून केलेले नव्हेत, पण कार्बनचेच केसाहून बारीक तंतू असतात. ते राळेसारख्या चिकट द्रव्यात बसवून पोकळ नळी करतात. त्याला तडा गेला असेल आणि दोरीचा जोराचा धक्का मागून बसला, तर नळी फुटून तिच्या सुयांसारख्या फाका होतात. जुन्या घडणीच्या धनुष्यात बाण डाव्या हाताच्या मुठीला लागूनच जातो. फाका जायच्या कुठे? तळहातात, मनगटात. ॲल्युमिनियमचा बाण वाकतो, बांबूचा तडकलेला निदान डोळ्याला दिसतो. कार्बनचा मात्र सरळ दिसतो आणि आतून गेलेला असू शकतो. म्हणून कुठल्याही कठीण वस्तूवर किंवा दुसऱ्या बाणावर आपटलेला कार्बनचा बाण असा वाकवून, आवाज ऐकून, बोटं जपून तपासल्याशिवाय पुन्हा दोरीला लावायचा नाही. शंका आली, तर तो मोडून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या पोराच्या हाती लागणार नाही. सरांनी तो बाण मोडला, कागदात गुंडाळला आणि मग आमची शाळा घेतली.

श्रोतेहो, बाण सरळ जातो, असं आपण सगळे समजतो. खरं तर तो वाकत वाकत जातो. धनुष्याचा दांडा मधोमध आहे, बाण त्याच्या कडेला टेकलेला आहे आणि दोरी त्याला मागून ढकलते आहे. अशा वेळी बाण ताठच राहिला, तर दांड्याला धडकून बाजूला जाईल. म्हणून तो धनुराच्या आकारात लवतो, दांड्याला वळसा घालतो, मग उलट्या बाजूला लवतो आणि असा मासोळीसारखा सळसळत पुढे जाऊन स्थिर होतो. अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन या अभ्यासकाने १९३० च्या दशकात वेगवान छायाचित्रणाच्या मदतीने हे टिपलं. इंग्रजीत याला 'आर्चर्स पॅरॅडॉक्स' म्हणतात. आपण तिरंदाजाचं कोडं म्हणू.

या कोड्याचं उत्तर बाणाच्या लवचिकपणात आहे. तो मोजायची रीत सोपी आहे. कार्बनची नळी २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवतात, मध्ये १.९४ पौंडांचं वजन टांगतात आणि ती किती खाली झुकते ते पाहतात. अर्धा इंच झुकली, तर तिच्यावर ५०० हा आकडा छापतात. म्हणजे इथे उलटा हिशेब आहे. आकडा लहान तेवढा बाण ताठ, आकडा मोठा तेवढा लवचिक. आमच्या बाणांवर ३४० लिहिलं होतं. ते जोरदार धनुष्याचे बाण होते.

आणि पोरीचं धनुष्य? त्याच्यावर ३० पौंड असं लिहिलं होतं. पण ते दोरी २८ इंच ओढली तर. तिचे हात लहान, ती २६ इंचच ओढते. एक इंच कमी ओढलं की साधारण दोन पौंड जोर कमी होतो. म्हणजे हातात २६ पौंडच आले. एवढ्या जोराला आठशे ते हजार या आकड्यांमधला लवचिक बाण हवा. ३४० चा बाण तिच्या धनुष्यासमोर लोखंडाच्या गजासारखाच. तो लवणार कसा? उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा जास्त ताठ बाण डावीकडे जातो. पोरीचा नेम गेला नव्हता, जोडी चुकली होती.

आणि बाण मोडत होते, तेही याच कारणानं. आडवा-तिडवा जाणारा बाण लक्ष्यात सरळ घुसत नाही. तो तिरका आदळतो आणि टोकाच्या मागे सगळा ताण येऊन तिथेच तुटतो. चौकटीवर, दगडावर जाऊन फुटतो तो वेगळाच. टणकपणावर पैसे घातले आणि टणकपणामुळेच बाण तुटले.

मोठे खेळाडू हेच वापरतात, हे दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीनं अवघ्या सतराव्या वर्षी सुवर्णपदक जिंकलं आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. महाराष्ट्राची मान उंचावली. पण ते दोघे कंपाउंड धनुष्य वापरतात. त्याला चाकं असतात, दोरी बोटांनी न सोडता कळीनं सोडतात आणि बाण जवळजवळ मधून जातो. त्याला वळसा फारसा घालावाच लागत नाही, म्हणून तिथे ताठ बाण चालतो. दुसऱ्याचा बाण आपल्या धनुष्याला लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा आपल्या डोळ्यांना लावणं.

मग आमच्यासारख्यांनी बाण घ्यावा कसा? सरांनी सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं.

पहिलं, धनुष्यावरचा आकडा न पाहता आपल्या ओढीला किती पौंड येतात ते मोजून घ्या. दुसरं, धनुष्याला बाणासाठी मध्यापर्यंत खाच कापलेली आहे की नाही ते पाहा. खाच नसेल, तर वळसा मोठा, म्हणून बाण आणखी लवचिक हवा. तिसरं, एकदम डझन घेऊ नका. वेगवेगळ्या आकड्यांचे दोन-तीन घेऊन सोडून पाहा. पिसं न लावलेला बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला, तर उजव्या हाताच्या तिरंदाजासाठी तो जास्त ताठ. उजवीकडे लागला, तर जास्त मऊ. नळी लांबच घ्या. लांब नळी जास्त लवते, कापली की ताठ होते, आणि टोक जड केलं की पुन्हा लवचिक होते. पण कापून झालेली जोडता येत नाही. घरी करवतीनं कापू नका. तंतू उसवतात आणि त्याची भुकटी छातीत जाणं वाईट. ते काम फिरत्या घासचाकावर, तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क लावून करायचं.

चौथं, फार हलका बाण घेऊ नका. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. जुन्या घडणीच्या धनुष्याला एका पौंडामागे आठ ते दहा ग्रेन बाण असावा. पोरीच्या २६ पौंडांना २०८ ते २६० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेतेरा ते सतरा ग्रॅम. थोडा जास्त चालतो, कमी नको. बाण फार हलका असला, तर दोरीचा जोर बाणात न जाता धनुष्यातच परत येतो आणि धनुष्य मोडतं.

टिकाऊपणा खरा हवा असेल, तर योग्य लवचिकपणातलीच पण जाड कवचाची नळी घ्यावी. पुढच्या टोकाला बाहेरून धातूची छोटी कडी बसवावी, कारण नळी फुटते ती बहुधा तिथून. टोक चिकटवताना नळीला ज्योतीची आच देऊ नये, राळ कमजोर होते. आणि मुठीवरून बाण सोडायचा असेल, तर प्लॅस्टिकच्या पंखांऐवजी खरी पिसं लावावीत. पीस हाताला, दांड्याला लागलं की दबतं आणि बाण निघून जातो. प्लॅस्टिकचा पंख अडतो आणि बाणाला धक्का देतो.

हे ऐकताना मला आमचं नळदुर्ग आठवलं. सोलापूरच्या वाटेवरचा हा किल्ला. तिथला पाणीमहाल आदिलशाहीत बांधलेला. त्या काळी दख्खनचे घोडेस्वार शिंग, लाकूड आणि जनावरांचे स्नायू एकत्र बसवलेली धनुष्यं वापरत आणि बाण असत ते बोरूसारख्या पोकळ काडीचे. पोकळ, हलके आणि लवणारे. कार्बनची नळी म्हणजे त्याच बोरूची नवी आवृत्ती म्हणायची. संस्कृतात 'शर' म्हणजे बाण आणि शर म्हणजे बोरूच्या जातीचं गवतही. ज्या काडीचा बाण होत असे, तसल्याच काडीची लेखणी होत असे. आमचे वडील बोरूनं मोडी आणि उर्दू दोन्ही लिहायचे. बोरू फार कडक निघाला, तर ते बाजूला ठेवायचे. म्हणायचे, हा कागद फाडेल.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. आपल्या देशात 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार आहे. त्यात बांबूचं धनुष्य आणि लाकडाचे किंवा बांबूचे बाण असतात. तिथे कार्बनचं काम नाही. तेव्हा पोर कुठल्या प्रकारात उतरणार, ते आधी सरांना विचारा, मगच खिशात हात घाला. आणि बांबूच्या बाणावर शिकणं कमीपणाचं मानू नका. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आई-बापांचा मुलगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकानं त्याच्यातला खेळाडू हेरला आणि तो २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला पोहोचला. लिंबाराम हा राजस्थानातला आदिवासी पोरगा. रानातल्या बांबूच्या धनुष्यापासून निघून १९८८ च्या सोल ऑलिम्पिकपर्यंत गेला. या दोघांच्याही वाटेत महागड्या साहित्याआधी कुणीतरी पाहणारा, सांगणारा माणूस भेटला.

आमच्या पोरीसाठी मग सहाच बाण घेतले, ९०० आकड्याचे. त्या दिवशी बहीण मशीन बंद करून मैदानावर आली होती. पहिला बाण सुटला. 'खट्' आवाज आला नाही. दुसरा, तिसरा. तिन्ही पिवळ्यात नव्हते, पण वीतभर जागेत शेजारी शेजारी होते. पोरगी मागे वळून म्हणाली, "मामू, नेम होता की!"

बहिणीनं फक्त विचारलं, "त्या आठांचं काय करायचं?" ते आठ बाण अजून कपाटावर आहेत. जोरदार धनुष्याचा एखादा गडी भेटला, तर तपासून, वाकवून, आवाज ऐकून त्याला देईन. बाणांचा काही दोष नाही. आम्ही त्यांना चुकीच्या घरी आणलं होतं.

आणि आता रोज संध्याकाळी सराव संपला की पोरगी एकेक बाण कानाजवळ नेऊन हलकेच वाकवते आणि ऐकते. तेवढा वेळ मैदानावर कुणी बोलत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)