एका मापाचं मोल



इलेक्ट्रॉनिक वस्तू करणाऱ्या कंपन्यांचा इतिहास बहुधा शोधांचा म्हणून सांगितला जातो. आज मला तो एका मापाच्या अंगाने सांगायचा आहे, आणि त्यासाठी मी कॅसेट निवडली आहे.

१९६० च्या सुमारास टेपरेकॉर्डर म्हणजे उघड्या रिळांचं यंत्र होतं. फीत हाताने ओवायची, दुसऱ्या रिळावर गुंडाळायची, आणि ती सुटली की सगळा गुंता. फिलिप्सच्या बेल्जियममधल्या हॅसेल्टच्या कारखान्यात लू ओटेन्स हे अभियंते होते. त्यांनी आधी लाकडाचा एक ठोकळा करून घेतला, कोटाच्या खिशात सहज मावेल एवढा. यंत्र याहून मोठं करायचं नाही, असं ठरलं. पुढचं सगळं त्या ठोकळ्यात बसवायचं होतं. (तो ठोकळा आज संग्रहालयात असायला हवा होता. वाटेत गाडीचं चाक बदलताना ओटेन्स यांनी तो जॅकखाली ठेवला आणि तो गेला.) १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट लोकांसमोर आली.

तिची रचना जरा जवळून पाहू. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. फीत हेडला नीट टेकावी म्हणून तिच्या मागे नमद्याची इवलीशी गादी. पाठीमागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन टिकल्या. टिकली मोडली की त्या बाजूचं ध्वनिमुद्रण चुकून पुसलं जात नाही, आणि त्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं. हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. मला सर्वांत मोलाची वाटते ती स्टिरिओची सोय. डाव्या-उजव्या आवाजाचे पट्टे फितीवर शेजारी-शेजारी ठेवले, त्यामुळे जुन्या मोनो यंत्राचं हेड दोन्ही एकदम वाचतं. नवी कॅसेट आली म्हणून कोणाचं जुनं यंत्र अडगळीत गेलं नाही. गिऱ्हाइकाचा एवढा विचार करणारी माणसं त्या कारखान्यात होती.

पण चांगली रचना पुरत नाही. जर्मनीच्या ग्रुंडिगनेही आपली वेगळी कॅसेट काढली होती आणि जपानच्या सोनीला ती देऊ केली होती. सोनीचे नोरिओ ओगा तोच पर्याय हाताशी ठेवून फिलिप्सशी बोलले: रॉयल्टी देणार नाही. अखेर १९६५ मध्ये फिलिप्सने परवाना फुकट दिला. अट एकच, मापात कोणी फेरफार करायचा नाही. पैसा सोडला, पण माप सोडलं नाही. कॅसेट जगभर गेली ती या निर्णयामुळे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे त्याचं फळ ऐंशीच्या दशकात दिसलं. तोवर तबकडी काढणं मोजक्या कंपन्यांच्या हातात होतं. कॅसेट आली आणि भीमगीतं, कोळीगीतं, भारुडं, कीर्तनं जत्रेतल्या पालांवर विकली जाऊ लागली. कॅसेट कोणाचीही असो, यंत्र कोणत्याही कंपनीचं असो, ती वाजायचीच.

याउलट मोबाइलचे चार्जर घ्या. कंपनीगणिक वेगळी पिन, आणि निरुपयोगी वायरींनी भरलेले घरोघरचे खण. युरोपीय संघाला अखेर कायदा करावा लागला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे नव्या फोनला यूएसबी-सी सक्तीचं झालं. कंपन्यांनी हे आपणहून करायला हवं होतं. त्यांना ते जमत नाही, हे मी मानायला तयार नाही.

कारण हेच फिलिप्स आणि सोनी १९७९ मध्ये सीडीसाठी पुन्हा एकत्र बसले. फिलिप्सला तबकडी साडेअकरा सेंटिमीटरची हवी होती, म्हणजे कॅसेटच्या कर्णाएवढी. सोनीने आग्रह धरला आणि बारा ठरली. १९८२ मध्ये जपानात पहिला प्लेअर दुकानात आला, तेव्हा कोणत्याही कंपनीची सीडी त्यात चालणार हे आधीच ठरलेलं होतं.